अठरा सह्यांचा मसुदा: कार्ल फ्रीडरिश फॉन वाइत्सेकरचं प्रकरण

5 एप्रिल 1957 रोजी पश्चिम जर्मनीचा चान्सलर कोनराड आडेनाउअर पत्रकारांसमोर बोलत होता. आपल्या लष्कराला रणांगणावर वापरता येतील अशी छोटी अण्वस्त्रं मिळावीत, असं त्याच्या सरकारच्या मनात होतं. त्यावर तो सहज म्हणून गेला, की ही शस्त्रं म्हणजे तोफखान्याचीच पुढची पायरी, त्यापलीकडे काही नाही. आठवडाभरात, 12 तारखेला, अठरा शास्त्रज्ञांच्या सह्यांचं निवेदन जाहीर झालं. सह्यांमध्ये ऑटो हान, माक्स बोर्न, माक्स फॉन लाउए आणि वेर्नर हायझेनबर्ग होते, म्हणजे चार नोबेलवाले. मसुदा मुख्यतः ज्याच्या हातचा होता त्याच्याकडे मात्र नोबेल नव्हतं, आणि या मंडळींच्या मानाने तो तरुण होता. 44 वर्षांचा कार्ल फ्रीडरिश फॉन वाइत्सेकर. त्याच वर्षी तो ग्योटिंगेनमधली पदार्थविज्ञानाची जागा सोडून हाम्बुर्ग विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला.

विषय बदलणारी माणसं काही कमी नाहीत. फिजिक्सची पदवी घेऊन कुणी बँकेत जातो, कुणी कीर्तनात रमतो. वाइत्सेकरचं प्रकरण उलगडून बघावंसं वाटतं ते वेगळ्या कारणाने. या एकाच माणसाने अणुकेंद्रकाचं गणित मांडलं, बॉम्बच्या वाटेवरचा एक महत्त्वाचा कागद लिहिला, पुढे राजकारणाचं तत्त्वज्ञान सांगितलं आणि पोलंडची सीमा मान्य करा असं स्वतःच्या सरकारला उघड सुनावलं. त्याची गोष्ट बहुतेक वेळा 'शास्त्रज्ञाला उपरती झाली' अशा थाटात सांगितली जाते. मला ते पटत नाही. राजकारण त्याच्या घरात जन्मापासून होतं. पदार्थविज्ञान मधे आलं. आणि पदार्थविज्ञानातून त्याने राजकारणात नेली ती समीकरणं नव्हेत, विचार करण्याची एक खोड नेली. त्या खोडीने काही ठिकाणी मोठं काम केलं, आणि काही ठिकाणी त्याला निसटायला वाट करून दिली.

परराष्ट्र खात्यातलं घर

वाइत्सेकरचा जन्म 28 जून 1912 चा, कील बंदरातला. आजोबा व्युर्टेम्बर्ग राज्याचे पंतप्रधान. वडील एर्न्स्ट आधी नौदलात, मग परराष्ट्र खात्यात. म्हणजे पोराचं बालपण बदल्यांवर: बाझल, कोपनहेगन, बर्लिन. कोपनहेगनमध्ये पदार्थवैज्ञानिक नील्स बोरच्या संस्थेत काम करणाऱ्या हायझेनबर्गशी या घराची ओळख झाली, आणि चौदा वर्षांच्या या मुलाला गुरू सापडला.

एप्रिल 1927 मध्ये हायझेनबर्ग बर्लिनमार्गे जाणार होता. त्याने मुलाला भेटायला बोलावलं. एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर जाताना टॅक्सीत त्याने सांगितलं, की कार्यकारणाचा नियम आपण खोडून काढला आहे असं आपल्याला वाटतं. अनिश्चिततेच्या तत्त्वावरचा निबंध तेव्हा छापूनही आलेला नव्हता. विसाव्या शतकातल्या एका मोठ्या शोधाची बातमी एका शाळकरी मुलाला टॅक्सीत मिळाली, हे मला नेहमी गमतीचं वाटत आलं आहे.

मुलाला तत्त्वज्ञान करायचं होतं. हायझेनबर्गने त्याला समजावलं ते असं: या शतकाला उपयोगी पडेल असं तत्त्वज्ञान करायचं तर पदार्थविज्ञान यायला हवं, ते करूनच शिकता येतं, आणि ते तिशीच्या आत उत्तम जमतं, तत्त्वज्ञान पन्नाशीनंतर. आपल्याकडे घरोघरी 'आधी इंजिनिअर हो, मग काय नाटकं करायची ती कर' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे सल्ला देणारा स्वतः पंचविशीचा होता, आणि सल्ला ऐकणाऱ्याने तो जवळजवळ तंतोतंत पाळला.

पदार्थविज्ञानातली त्याची कामगिरी थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण ती पाठ्यपुस्तकांत आहेच. 1933 मध्ये लाइपझिगला डॉक्टरेट. 1935 मध्ये अणुकेंद्रकाच्या बंधनऊर्जेचं, म्हणजे त्यातल्या कणांना बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेचं, सूत्र, जे आज बेथे-वाइत्सेकर सूत्र म्हणून शिकवतात. 1937-38 मध्ये ताऱ्यांच्या पोटात कार्बनच्या मदतीने हायड्रोजनचं हेलियम कसं होतं याचा माग. हेच चक्र हान्स बेथेने स्वतंत्रपणे आणि जास्त तपशिलाने मांडलं, आणि 1967 चं नोबेल बेथेला मिळालं. वाइत्सेकर तेव्हा हाम्बुर्गमध्ये तत्त्वज्ञान शिकवत होता.

जुलै 1940

1939 च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी त्याचा भाऊ हाइनरिश पोलंडमध्ये मारला गेला. वडील तेव्हा परराष्ट्र खात्यात हिटलरचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपच्या हाताखाली सचिव होते, मंत्र्याच्या खालोखालच्या खुर्चीवर. वाइत्सेकर स्वतः बर्लिनच्या कैझर विल्हेल्म संस्थेतून लष्कराच्या युरेनियम प्रकल्पात ओढला गेला. ओढला गेला म्हणतो खरा, पण त्याने फार हातपाय झाडले असं दिसत नाही.

17 जुलै 1940 ला त्याने लष्कराच्या शस्त्र विभागासाठी एक अहवाल लिहिला. मुद्दा असा: अणुभट्टी चालली, की त्यातल्या युरेनियम 238 मध्ये न्यूट्रॉन शिरून एक नवं मूलद्रव्य तयार होईल. ते मूलद्रव्य वेगळं असल्यामुळे रासायनिक पद्धतीने बाजूला काढता येईल, आणि ते स्फोटक म्हणून वापरता येईल. त्याला वाटलं ते क्रमांक 93 असेल. प्रत्यक्षात एक पायरी पुढे जाऊन ते 94, म्हणजे प्लुटोनियम, होतं. पण दिशा बिनचूक होती. युरेनियमचे समस्थानिक, म्हणजे वजनाने वेगळे पण रासायनिकदृष्ट्या सारखे प्रकार, वेगळे करण्याचा अतिशय किचकट उद्योग टाळून बॉम्बपर्यंत जाण्याची ही दुसरी वाट होती. नागासाकीवर पडलेला बॉम्ब याच वाटेने तयार झाला, अमेरिकेत, दुसऱ्यांच्या हातून.

हे का केलं? पुढे म्हातारपणी दिलेल्या मुलाखतींत त्याने एक उत्तर दिलं, आणि ते मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतं. बॉम्ब कसा करायचा हे कळणाऱ्या मोजक्या माणसांत आपण असलो, तर सर्वोच्च सत्तेला आपल्याशी बोलावंच लागेल, मग आपण धोरण वळवू शकू, असं स्वप्न आपण पाहत होतो, अशी कबुली त्याने दिली. तो वेडेपणा होता आणि आपण निव्वळ देवाच्या कृपेने वाचलो, हेही त्याने म्हटलं. म्हणजे बघा, विज्ञानाच्या बळावर परराष्ट्र धोरणात शिरण्याचा विचार 1957 चा नव्हताच. तो 1940 चा होता. वडिलांची खुर्ची आणि मुलाचा अहवाल एकाच शहरात, एकाच वेळी होते.

1941 च्या सप्टेंबरात तो हायझेनबर्गबरोबर जर्मनांनी व्यापलेल्या कोपनहेगनला गेला. बोर आणि हायझेनबर्ग यांच्यात तेव्हा काय बोलणं झालं यावर आजवर रीमच्या रीम कागद खर्ची पडले आहेत. मी त्यात भर घालत नाही. पुढे तो स्ट्रासबुर्गला प्राध्यापक झाला. 1944 च्या अखेरीस ते शहर दोस्त राष्ट्रांच्या हाती पडलं, तेव्हा जर्मन अणुसंशोधनाचा माग काढणाऱ्या पथकाला त्याचे कागद सापडले. पथकाचा शास्त्रज्ञ प्रमुख सॅम्युएल गाउडस्मिटने ते चाळले आणि निष्कर्ष काढला: जर्मनीकडे बॉम्ब नाही, आणि होण्याच्या बेतातही नाही.

फार्म हॉलमधली संध्याकाळ

युद्ध संपल्यावर दहा जर्मन शास्त्रज्ञांना इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या फार्म हॉल नावाच्या घरात सहा महिने ठेवलं गेलं. खोल्यांमध्ये मायक्रोफोन लपवलेले होते, आणि याचा त्यांना पत्ता नव्हता. 6 ऑगस्ट 1945 च्या संध्याकाळी हिरोशिमाची बातमी आली. हान हादरला. इतरांचा आधी विश्वासच बसेना. मग 'आपल्याला का जमलं नाही' यावर चर्चा सुरू झाली. वाइत्सेकर म्हणाला, की आपल्याला जमलं नाही कारण सगळ्या पदार्थवैज्ञानिकांच्या मनात मुळात ते करायचं नव्हतं. जर्मनीने युद्ध जिंकावं असं वाटलं असतं तर जमलं असतं. हान तिथल्या तिथे म्हणाला, मला हे पटत नाही, पण जमलं नाही याचा आनंद आहे.

या संवादाच्या नोंदी 1992 मध्ये खुल्या झाल्या. त्या वाचल्यावर वाइत्सेकरचं वाक्य निव्वळ थाप म्हणून सोडून देता येत नाही, आणि खरं म्हणून स्वीकारताही येत नाही. बातमी येऊन काही तास झाले नाहीत, तोवर हा माणूस इतिहास कसा सांगितला जाईल याची जुळवाजुळव करू लागला होता. मुत्सद्द्याच्या घरातला मुलगा, दुसरं काय! हान रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने सरळ नाही म्हटलं.

वडिलांवर न्युरेंबर्गमध्ये खटला चालला. फ्रान्समधल्या ज्यूंच्या हद्दपारीच्या कागदांवर त्यांनी हरकत नोंदवली नाही, हा मोठा ठपका होता. 1949 मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली, 1950 मध्ये ते सुटले. बचावाच्या वकिलांना मदत करणारा धाकटा मुलगा रिचर्ड पुढे 1984 मध्ये पश्चिम जर्मनीचा राष्ट्रपती झाला.

एप्रिल 1957

आता पुन्हा त्या अठरा सह्यांकडे. 1954 मध्ये पश्चिम जर्मनीने आपल्या भूमीवर अण्वस्त्रं बनवणार नाही असं मित्रराष्ट्रांना लिहून दिलं होतं. प्रश्न बनवण्याचा नव्हता, अमेरिकेकडून घेऊन सैन्याच्या हाती देण्याचा होता. शास्त्रज्ञांनी आधी खाजगीत पत्र लिहून पाहिलं, संरक्षणमंत्री फ्रान्त्स योझेफ श्ट्राउसला भेटून पाहिलं. निष्पन्न काही झालं नाही. मग आडेनाउअरचं ते तोफखान्याचं वाक्य आलं.

मसुदा छोटा आहे, पानभराचा. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. सुरुवात माहितीने होते: 'छोट्या' म्हणवणाऱ्या एका अणुबॉम्बचा परिणाम हिरोशिमाच्या बॉम्बसारखा होतो, एक हायड्रोजन बॉम्ब रूर खोऱ्याएवढा, म्हणजे जर्मनीच्या औद्योगिक पट्ट्याएवढा, मुलूख काही काळ राहण्याजोगा ठेवत नाही. मग एक अनपेक्षित कबुली येते. हायड्रोजन बॉम्बच्या परस्पर भीतीने आज जगात शांतता आणि जगाच्या काही भागात स्वातंत्र्य टिकायला मोठा हातभार लागतो आहे, हे आम्ही नाकारत नाही, असं अठरा जण म्हणतात. साम्यवादापुढे आपण पाश्चात्त्य स्वातंत्र्याच्या बाजूचे आहोत, हेही सांगतात. पण हा मार्ग दीर्घकाळ भरवशाचा नाही, आणि फसला तर होणारा धोका जीवघेणा आहे. महासत्तांनी काय करावं हे सुचवायला आम्ही पात्र नाही. मात्र आपल्यासारख्या छोट्या देशाने अण्वस्त्रं स्वखुशीने, स्पष्ट शब्दांत नाकारण्यातच त्याची सर्वांत चांगली सुरक्षा आहे. शेवटी: सह्या करणाऱ्यांपैकी कुणीही अण्वस्त्रांच्या निर्मितीत, चाचणीत किंवा वापरात कोणत्याही प्रकारे भाग घेणार नाही. शांततेसाठीच्या अणुऊर्जेचं काम मात्र चालू ठेवू.

या मसुद्याची ताकद शेवटच्या नकारात आहे असं मला वाटतं, युक्तिवादात नव्हे. 'बॉम्ब वाईट' असं पाद्री, कवी, कामगार नेते सगळेच म्हणत होते. पण ज्यांच्याशिवाय बॉम्ब होऊच शकत नाही त्यांनी 'आमचे हात मिळणार नाहीत' म्हणणं ही वेगळी गोष्ट. 1940 मध्ये वाइत्सेकरला वाटलं होतं की ज्ञान हाती असलं की सत्ता आपलं ऐकेल. 1957 मध्ये त्याने तेच गणित उलटं मांडलं: ज्ञान हाती आहे, आणि ते देणार नाही.

आडेनाउअर चिडला. शास्त्रज्ञांना परराष्ट्र आणि लष्करी बाबींतलं ज्ञान नाही, असा त्याचा सूर होता. 17 एप्रिलला त्याने काही जणांना बॉनला बोलावून घेतलं, लांबलचक बैठक झाली, गुळगुळीत पत्रक निघालं. सप्टेंबरच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला 50.2 टक्के मतं आणि स्पष्ट बहुमत मिळालं. मार्च 1958 मध्ये संसदेने सैन्याला आधुनिक शस्त्रं देण्याचा ठरावही केला. अण्वस्त्रं वाहून नेणारी साधनं जर्मन सैन्याकडे आली. स्फोटकाची किल्ली अमेरिकेकडेच राहिली. मतपेटीच्या हिशेबाने निवेदन हरलं. पण जर्मनीला स्वतःचा बॉम्ब हवा असं पुढे ज्यांना वाटलं असतं, त्यांच्यासाठी घरातली ही वाट अवघड झाली.

बोरचं तत्त्व चर्चमध्ये

मी ज्या खोडीबद्दल म्हणालो ती इथे दिसते. बोरच्या पूरकता तत्त्वाचा गाभा असा: प्रकाश एका प्रयोगात लहर म्हणून दिसतो, दुसऱ्यात कण म्हणून. दोन्ही वर्णनं एकाच वेळी लावता येत नाहीत, पण पूर्ण चित्रासाठी दोन्ही लागतात. वाइत्सेकर या विचारावरच वाढला होता.

1958 च्या सुमारास जर्मन प्रॉटेस्टंट चर्च अण्वस्त्रांच्या प्रश्नावर फुटायच्या बेताला आलं होतं. एक गट म्हणे, ख्रिस्ती माणसाने अण्वस्त्राला हात लावूच नये. दुसरा म्हणे, स्वातंत्र्यासह शांतता टिकवायची तर आज ते असणं भाग आहे. हायडलबर्गमध्ये बसलेल्या एका समितीने 1959 मध्ये अकरा कलमं लिहिली. वाइत्सेकर समितीत होता. या कलमांनी दोन्ही वाटांना एकमेकींच्या पूरक म्हटलं. शस्त्रं धरून राहण्याची वाट ख्रिस्ती माणसासाठी आज अजून शक्य आहे असं मान्य केलं, पण ती मुदतीची ठरवली. आणि एक टोचणारी गोष्ट नोंदवली: शस्त्र नाकारणाऱ्याला नाकारता येतं, त्यामागे कधी कधी दुसरा कुणीतरी ते धरून उभा असतो हे कारण असतं.

हा विचार मोठा आहे, आणि त्याने चर्च फुटण्यापासून वाचवलं असं मानायला जागा आहे. पण माझी एक शंका जात नाही. पदार्थविज्ञानात पूरकता ही सक्ती असते. दोन मोजमापं एकदम करता येत नाहीत, आणि प्रत्येक मोजमापातून काय निघेल हे सिद्धांत आकड्यात सांगतो. राजकारणात असा सिद्धांत कुठे आहे? तिथे पूरकता म्हणजे पुष्कळदा 'दोघंही आपापल्या जागी बरोबर' असं म्हणून सुटण्याची सोय. फार्म हॉलमधल्या त्या वाक्यातही हीच सोय दिसते: आम्ही बॉम्बवर काम करत होतो, आणि आम्हाला तो नको होता. दोन्ही विधानं शेजारी ठेवायची, त्यांना टक्कर द्यायची नाही.

पोलंडची सीमा

म्हणून मला त्याचं पुढचं पाऊल जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे त्याने एक बाजू घेतली. नोव्हेंबर 1961 मध्ये आठ प्रॉटेस्टंट नामवंतांनी एक टिपण तयार केलं. ते ट्युबिंगेनचं टिपण म्हणून ओळखलं जातं. हायझेनबर्ग आणि वाइत्सेकर दोघंही त्यात होते. आधी ते खासदारांकडे गेलं, फेब्रुवारी 1962 मध्ये छापून आलं. सांगणं रोखठोक होतं: ओडर-नाइसे नद्यांच्या पूर्वेचा, युद्धानंतर पोलंडकडे गेलेला मुलूख परत मिळणार नाही, आणि हे राजकारण्यांना खाजगीत माहीत आहे, तेव्हा ते जनतेला सांगा. त्या मुलखातून हाकलल्या गेलेल्या लाखो जर्मनांच्या संघटना खवळल्या. कुठलाच मोठा पक्ष हे बोलायला धजत नव्हता. 7 डिसेंबर 1970 ला चान्सलर विली ब्रांटने वॉर्सात करारावर सही केली तेव्हा पश्चिम जर्मनीने ती सीमा मान्य केली. ज्या घरातला मुलगा युद्धाच्या दुसऱ्या दिवशी पोलंडच्या मातीत पडला, त्या घरातल्या माणसाने हे नऊ वर्षं आधी म्हटलं होतं.

1963 च्या ऑक्टोबरात जर्मन पुस्तक व्यावसायिकांचं शांतता पारितोषिक स्वीकारताना फ्रांकफुर्टच्या पाउल्सकिर्श सभागृहात त्याने तीन विधानं केली. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या युगात जागतिक शांतता जगण्याचीच अट बनली आहे. ती शांतता म्हणजे सुवर्णयुग नव्हे. आणि तिच्यासाठी विलक्षण नैतिक कष्ट लागतील. जगाचं राजकारण हळूहळू एका देशाच्या अंतर्गत राजकारणासारखं होत जाईल, अशी त्याची मांडणी होती: भांडणं राहतील, पण ती परराष्ट्रांमधली म्हणून सोडवता येणार नाहीत. या अंतर्गत राजकारणात दडपशाहीही असू शकते, हे तो विसरला नव्हता.

स्टार्नबेर्ग

मधे एक भारतातलं वळण. आपल्याकडे अणुबॉम्ब आणि अध्यात्म म्हटलं की ओपेनहायमर आणि गीता एवढंच आठवतं. वाइत्सेकर 1969 मध्ये भारतात आला आणि तिरुवन्नामलैला रमण महर्षींच्या आश्रमात गेला. महर्षींना जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. तिथे आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल त्याने पुढे लिहिलं, पण अगदी हात आखडून. काश्मिरी योगी गोपी कृष्ण यांच्या पुस्तकाला त्याने प्रस्तावनाही लिहिली. बुद्धिवादी सहकाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असणारच.

1970 मध्ये माक्स प्लांक सोसायटी या जर्मन संशोधन संस्थेने म्युनिकजवळ स्टार्नबेर्गला त्याच्यासाठी संस्था काढली. तिचा विषय होता विज्ञान-तंत्रज्ञानाच्या जगातल्या जगण्याच्या अटी. पुढच्या वर्षी तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास सहसंचालक म्हणून आला. एकीकडे क्वांटम सिद्धांताचा पाया 'हो की नाही' अशा सुट्या प्रश्नांवर रचता येईल का याचं काम, दुसरीकडे तिसऱ्या जगात सरकणाऱ्या कारखान्यांचा अभ्यास. असलं कडबोळं फक्त त्याच्या डोक्यातच एकसंध होतं. 1971 मध्ये त्याच्या संपादनाखाली आलेला युद्ध-परिणामांचा मोठा अभ्यास मात्र नेमका होता: जर्मन भूमीवर 'मर्यादित' अणुयुद्ध झालं, तर ज्याचं रक्षण करायचं तेच उरणार नाही. तोफखान्याच्या त्या वाक्याला हे हिशेबाने दिलेलं उत्तर होतं, चौदा वर्षांनी.

1979 मध्ये ब्रांटने त्याला राष्ट्रपतिपदासाठी उभं राहायला सुचवलं. निवडणाऱ्या सभेत बहुमत विरोधकांचं होतं. त्याने नकार दिला. वर्षभराने तो निवृत्त झाला आणि त्याच्या विभागाला वारस नेमायचा नाही असं सोसायटीने ठरवलं. हाबरमासही 1981 मध्ये निघून गेला.

जगाच्या अंतर्गत राजकारणाची कल्पना पुढे हाबरमासने उचलली, जागतिक सरकाराविना ते कसं चालेल या प्रश्नासकट. पण दोघांत फरक आहे. हाबरमासला त्यासाठी कायदे, संस्था, नागरिकांचा वाद-संवाद लागतो. म्हणजे ते घडवावं लागतं. वाइत्सेकर म्हणत होता की तंत्रज्ञान आपल्याला तिकडे ढकलतच आहे, प्रश्न एवढाच की तिसऱ्या महायुद्धाच्या आधी पोचतो की नंतर. 1976 मध्ये तो असं युद्ध संभवनीय आहे असं लिहीत होता. एप्रिल 2007 मध्ये, 94 व्या वर्षी, स्टार्नबेर्गजवळच्या घरी तो वारला, तोवर ते भाकीत खोटं ठरलं होतं. परस्पर भीतीचा मार्ग भरवशाचा नाही, हे 1957 चं विधान मात्र अजून कुणाला खोटं ठरवता आलेलं नाही, आणि खरं ठरलं तर तपासायला कुणी उरेल की नाही हा वेगळाच प्रश्न.